लस आधीची आणि लस नंतरची

एप्रिल २०२१च्या लाटेत आमच्या इमारतीतल्या एका शिक्षिकेला कोविड झाला. दवाखान्यात दाखल व्हावं लागलं नाही, ताप पाचव्या दिवशी उतरला. पण त्यानंतर जिना चढताना त्या दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला टेकून थांबायच्या. ऑनलाइन तास घेताना रोजच्या वापरातला शब्द ओठांवर येऊन अडायचा. "तेव्हापासून पहिल्यासारखं राहिलंच नाही," असं त्या म्हणत, आणि एकच प्रश्न विचारत: लस घेतली की हे जाईल का?

कोविड बरा झाल्यावरही महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या अशा त्रासाला लाँग कोविड म्हणतात, आणि हा प्रश्न तेव्हा जगभर विचारला जात होता. लस घेतल्यावर थकवा ओसरला, असं काही रुग्ण सांगत होते. काहींना फरक पडला नव्हता, तर काहींचा त्रास वाढला होता. ऐकीव अनुभवांवरून निष्कर्ष काढणं अवघड असतं, आणि आपल्याकडे तर आणखीच. कोविडमधून बरं झाल्यावर तीन महिने थांबून लस घ्या, अशी सूचना मे २०२१मध्ये केंद्र सरकारने दिली होती. पण अनेकांचा थकवा नेमका याच तीन-चार महिन्यांत आपोआप कमी होत असतो. अशा वेळी दंडाला सुई टोचली आणि महिन्याभरात बरं वाटलं, तर श्रेय लसीला द्यायचं की उलटलेल्या दिवसांना?

याचा माग काढायला एकाच माणसाला पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने ते केलं. त्यांच्या पाहणीत लोकांना ठरावीक अंतराने प्रश्न केला जाई: तुम्हाला लाँग कोविड आहे असं तुम्ही म्हणाल का? असेल, तर रोजच्या कामांत अडथळा येतो का, थोडा की बराच? कोविड होऊन गेल्यानंतर लस घेतलेल्या २८,३५६ जणांची उत्तरं फेब्रुवारी ते सप्टेंबर २०२१ या काळात तपासली गेली. लसीआधीच्या आठवड्यांत आलेख जवळजवळ सपाट होता. पहिल्या डोसनंतर लाँग कोविड असल्याचं सांगण्याची शक्यता सुमारे १३ टक्क्यांनी घटली. दुसऱ्या डोसनंतर ती आणखी सुमारे ९ टक्क्यांनी घटली आणि पुढे काही आठवडे हळूहळू खाली येत राहिली.

घट खरी, पण माफक. शिवाय हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास होता, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेली चाचणी नव्हती. त्यामुळे त्या शिक्षिकेला मी "लस घ्याच" असं म्हटलं असतं, पण "लस घेतली की बऱ्या व्हाल" असं वचन दिलं नसतं.

लसीने आजार कमी व्हावा तरी का? अमेरिकेतल्या येल विद्यापीठात प्रतिकारशक्तीचा अभ्यास करणाऱ्या अकिको इवासाकी यांनी काही शक्यता मांडल्या होत्या. शरीरात कुठेतरी विषाणू किंवा त्याचे अवशेष दडून राहिले असतील, तर लसीने जाग्या झालेल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी ते साफ करू शकतील. २०२२मध्ये बोस्टनच्या संशोधकांना लाँग कोविडच्या काही रुग्णांच्या रक्तात कित्येक महिन्यांनंतरही स्पाइक प्रथिन, म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरचा काट्यासारखा भाग, सापडलं, त्यामुळे या कल्पनेला बळ मिळालं. पण काहींच्या बाबतीत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटलेली असू शकते, आणि तिथे लसीचा परिणाम वेगळा होईल. लाँग कोविड या एका नावाखाली बहुधा अनेक आजार आहेत. एकाला बरं वाटावं आणि शेजारच्याला वाटू नये, याचं कारण मला इथेच दिसतं.

आता बाजू बदलू. लस *आधी* घेतली आणि कोविड नंतर झाला तर? इथे चित्र कितीतरी स्पष्ट आहे, आणि नेमकी हीच गोष्ट लोकांपर्यंत नीट पोहोचली नाही याचं मला वाईट वाटतं. स्वीडनमध्ये जवळपास ५ लाख ९० हजार लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पहिल्या संसर्गाआधी एक डोस घेतलेल्यांमध्ये लाँग कोविडचं निदान होण्याचा धोका २१ टक्क्यांनी कमी दिसला, दोन डोस घेतलेल्यांमध्ये ५९ टक्क्यांनी, आणि तीन किंवा अधिक घेतलेल्यांमध्ये ७३ टक्क्यांनी. अमेरिकेत संशोधक झियाद अल-अली यांच्या गटाने माजी सैनिकांच्या आरोग्यनोंदी पाहिल्या. सुरुवातीच्या लाटेत, लस नसताना, संसर्ग झालेल्या दर १०० जणांमागे वर्षभरात सुमारे १० जणांना दीर्घ त्रास झाला. ओमिक्रॉनच्या काळात लस न घेतलेल्यांमध्ये हा आकडा पावणेआठच्या आसपास होता, तर लस घेतलेल्यांमध्ये साडेतीन. विषाणू बदलला हेही घट होण्याचं एक कारण होतं, पण एकूण घटीतला सुमारे ७० टक्के वाटा त्यांनी लसीला दिला. हे रुग्ण बहुतांशी वयस्कर पुरुष होते, म्हणून आकडे जसेच्या तसे सगळ्यांना लावता येत नाहीत, पण दिशा तीच राहते.

आणि लस घेतलेल्या शंभरातले ते साडेतीन जण उरतातच. "लस घेतली होती ना, मग हा थकवा मनाचाच" असं त्यांना घरात आणि कामावर ऐकावं लागतं. शिक्षिकाबाईंनी पुढे दोन्ही डोस घेतले. धाप बरीच कमी झाली, शब्द मात्र अजूनही अधूनमधून अडतात. लसीमुळे किती बदललं, हे त्यांच्या एकटीच्या अनुभवावरून सांगता येणार नाही. वळणावर त्या थांबल्या की आता आम्हीही दोन पायऱ्या खाली थांबतो.