ठाणे खाडी : मिठागरं, रोहित आणि अभयारण्य

ऐरोलीहून रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला सुटणारी बोट भरती बघून सुटते. हे वेळापत्रक अभयारण्याहून फार जुनं आहे. भांडुप, मुलुंडपासून उरणपर्यंत आगरी माणसांनी याच वेळापत्रकावर पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवलं. उधाणाचं पाणी आत घ्यायचं, बांधात कोंडायचं, उन्हात आटवायचं. काही ठिकाणी बांध घालून खाजणं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनी, उठवली, त्यांत भात आला. आज आपण जिथे दुर्बीण रोखतो त्यातलं बरंचसं पाणथळ असं माणसांच्या हातांनी घडलेलं आहे.

पक्ष्यांच्या दृष्टीने या बांधांचं मोल मोठं. भरतीत चिखलपट्टे बुडाले की तुतवार, चिखले यांसारख्या स्थलांतरी पक्ष्यांना टेकायला उथळ पाणी लागतं, ते मिठागरांत मिळतं. मिठागर बुजलं की ते तासन्‌तास उडत राहतात, आणि लांबच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी इथेच खर्च होते.

कोकणातला पक्षीअभ्यास जुना आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ सालची. १९३० मध्ये सलीम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला, तो आजही वाचण्यासारखा आहे. पक्ष्यांसाठीचं संरक्षण मात्र आधी जंगलाला मिळालं : कर्नाळा, १९६८. चिखलाची पाळी यायला आणखी जवळजवळ अर्धं शतक गेलं.

रोहितांचे मोठे थवे शिवडी-माहुलच्या चिखलावर दिसू लागले ते १९९० च्या दशकात. त्यामागचं कारण ऐकायला बरं वाटत नाही. शहराचं सांडपाणी खाडीत येतं, त्यावर नीलहरित शेवाळ फोफावतं, आणि छोट्या रोहिताचं मुख्य अन्न तेच. त्या गुलाबी रंगाचं मूळही याच शेवाळात. मला हे माहीत झाल्यापासून थवा बघताना आनंदाच्या जोडीला काळजीही वाटते.

पुढे २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तिवरांची तोड थांबवली, २०१२ मध्ये तिवरांच्या रक्षणासाठी वन विभागाचा कांदळवन कक्ष झाला, २०१५ मध्ये सुमारे १,६९० हेक्टरचं फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं. मालवणनंतरचं हे राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, तो ६,५२१ हेक्टरला.

नेरूळची तळी आणि उरणजवळची पाणजेची पाणथळ मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहिली. पाणी चढू लागलं की थवे तिकडेच जातात.