फारोसचा दीपस्तंभ : पडद्यावर उभा, समुद्रात विखुरलेला

वडोदऱ्यातल्या मराठी घरांमधील मुलांची इजिप्तशी पहिली भेट बहुधा कमाटीबागेतल्या संग्रहालयात, ममीच्या काचपेटीपुढे होते. अलीकडे दुसरी भेट घरच्या संगणकावर घडू शकते. युबीसॉफ्टने २०१७ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’ हा खेळ आणला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यातील हाणामारी वगळून ‘डिस्कव्हरी टूर’ ही शैक्षणिक आवृत्ती दिली. तिच्यातील ७५ मार्गदर्शित फेरफटक्यांत अलेक्झांड्रियाच्या बंदरावरील दीपस्तंभही भेटतो, तोही अखंड. प्रत्यक्षात तो गेली कित्येक शतके अस्तित्वात नाही.

फारोस या बेटावर इजिप्तचा राजा पहिला टॉलेमी याच्या काळात त्याचे काम सुरू झाले आणि दुसऱ्या टॉलेमीच्या काळात, इसवी सनपूर्व २८० च्या सुमारास, ते पुरे झाले. उंची अंदाजे १०० मीटर होती. सपाट किनाऱ्यावर डोंगराची खूण नसल्याने नावाड्यांना बंदर दुरून ओळखता यावे, हा त्याचा उघड हेतू होता. रोमन लेखक प्लिनी त्याचा खर्च ८०० टॅलंट (चांदीच्या वजनावर मोजायचे प्राचीन मोठे परिमाण) सांगतो आणि एक मजेशीर धोकाही नोंदवतो : अखंड तेवणारा हा जाळ दुरून ताऱ्यासारखा भासत असल्याने नावाडी फसण्याची भीती असे.

दीपस्तंभावरील शिलालेखात नाव निडस या ग्रीक नगरातल्या सोस्ट्राटसचे होते. तो वास्तुकार होता की पैसा पुरवणारा मानकरी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. प्राचीन ग्रीक लेखक लुशियनने सांगितलेली गोष्ट मात्र चवीची आहे : सोस्ट्राटसने आपले नाव दगडात कोरले, त्यावर गिलावा चढवून राजाचे नाव लिहिले आणि गिलावा गळून पडण्याची जबाबदारी काळावर सोपवली. खरी असो वा नसो, दरबारी कारागिराच्या तोंडी ती शोभते.

खेळातील रूप ठरवायला आधार तुटपुंजे नाहीत, पण ते विखुरलेले आहेत. रोमन काळातील अलेक्झांड्रियाच्या नाण्यांवर स्तंभ दिसतो; ११६६ मध्ये अल-बलावी या अंदलुसी (मुस्लिम स्पेनमधील) प्रवाशाने तो पाहून त्याचे तपशीलवार वर्णन लिहिले; आणि १९०९ मध्ये जर्मन अभ्यासक हर्मन थिएर्श याने अशा साधनांची सांगड घालून खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी आणि वर वर्तुळाकार असा तीन टप्प्यांचा आराखडा मांडला. आजची बहुतेक चित्रे याच आराखड्याच्या वळणाची आहेत. म्हणून खेळातील प्रत्येक पायरी पुरावा नसून पुराव्यावरून बांधलेला अंदाज आहे, हे मुलांना सोबत बसून सांगावे लागते.

भूकंपांनी तो खिळखिळा केला. त्यांत १३०३ चा धक्का मोठा होता. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने १३२६ मध्ये त्याची एक बाजू ढासळलेली पाहिली आणि १३४९ मध्ये तो परत आला तेव्हा आत शिरणेही शक्य नव्हते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात इजिप्तचा सुलतान कैतबे याने त्याच जागी किल्ला बांधला. १९९४ पासून फ्रेंच पुरातत्त्वज्ञ झाँ-इव्ह आंपरर यांच्या चमूने किल्ल्याजवळच्या पाण्यात जे प्रचंड दगड नोंदवले, त्यांतले काही दीपस्तंभाचेच मानले जातात.