जीआयएस–कॅड विदा विनिमय

नकाशांसाठीच्या जीआयएस प्रणाली आणि अभियांत्रिकी ड्रॉइंगसाठीच्या कॅड प्रणाली यांच्यात रेषा, बिंदू, क्षेत्रे व त्यांना जोडलेली माहिती इकडून तिकडे नेण्याची पद्धती. जीआयएसमधील भूखंडाला पृथ्वीवरचे स्थान असते आणि त्याच्यामागे गट क्रमांक, क्षेत्र, आरक्षण अशा माहितीचा तक्ता असतो. कॅडमधला तोच भूखंड म्हणजे एका लेअरवरची (ड्रॉइंगच्या एका थरावरची), ठरावीक रंगाची बंद पॉलिलाइन, म्हणजे सलग जोडलेली रेषा. त्याचा क्रमांक हा आत ठेवलेला सुटा मजकूर असतो. फाइल उघडली म्हणजे विनिमय झाला, असा समज कार्यालयांतून सर्रास आढळतो. प्रत्यक्षात स्थान आणि तक्ता या दोन गोष्टी शाबूत पोचल्या तरच तो झाला असे म्हणता येते.

उगम : या विनिमयाचा आरंभ कोठून धरावा याविषयी मतभेद आहेत. काही जण तो १९६०च्या दशकापर्यंत मागे नेतात. इव्हान सदरलँड यांची स्केचपॅड ही आरेखन प्रणाली १९६३ची, आणि रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकाराने कॅनडाची भौगोलिक माहिती प्रणाली त्याच दशकात उभी राहिली. मात्र यातून दोन्ही शाखा समकालीन आहेत एवढेच सिद्ध होते; त्यांच्यात फाइलींची देवघेव होत नव्हती. दुसरे मत आयजीईएस या १९८०च्या अमेरिकी विनिमय-प्रमाणाला पहिला मान देते. त्याचा रोख यंत्रभागांच्या ड्रॉइंगवर होता. जमिनीच्या नकाशांशी त्याचा संबंध बेताचाच. म्हणून डीएक्सएफ या ड्रॉइंग-विनिमयाच्या फाइल-प्रकारापासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. ऑटोकॅड या कॅड प्रणालीची पहिली आवृत्ती डिसेंबर १९८२ मध्ये बाजारात आली ती डीएक्सएफसह. एस्री कंपनीची आर्क-इन्फो ही जीआयएस प्रणालीही त्याच वर्षीची. आर्क-इन्फोत पुढे डीएक्सएफ आत घेण्याची व बाहेर काढण्याची स्वतंत्र आज्ञा आली आणि दोन्ही बाजूंना जोडणारा पूल साधारणपणे त्या दशकाच्या उत्तरार्धात रुळला.

ऑटोकॅडची मूळ फाइल डीडब्ल्यूजी ही मात्र ऑटोकॅडहून जुनी आहे. माइक रिडल यांच्या इंटरॅक्ट या कार्यक्रमातून ती १९७०च्या दशकाच्या अखेरीस आली. डीएक्सएफची रचना कंपनीने प्रसिद्ध केली, डीडब्ल्यूजीची केली नाही. ती उकलून काढण्यासाठी १९९८ मध्ये ओपन डीडब्ल्यूजी अलायन्स ही संघटना स्थापन झाली, जी आज ओपन डिझाइन अलायन्स या नावाने ओळखली जाते. ‘डीडब्ल्यूजी नको, डीएक्सएफ करून पाठवा’ हा कार्यालयातला नेहमीचा निरोप या इतिहासातूनच आला आहे.

रचना : मजकूर स्वरूपातली डीएक्सएफ फाइल साध्या मजकूर-संपादकात वाचता येते. तिच्यात ओळींच्या जोड्या असतात : वरच्या ओळीत संकेतांक, खालच्या ओळीत मूल्य. संकेतांक ० म्हणजे वस्तूचा प्रकार, ८ म्हणजे लेअरचे नाव, १० आणि २० म्हणजे क्ष व य निर्देशक, ३० म्हणजे उंची, ६२ म्हणजे रंग. पॉलिलाइनच्या शिरोबिंदूवर ४२ हा संकेतांक आला तर पुढचा भाग सरळ नसून कमान आहे असे समजावे. त्याचे मूल्य कमानीच्या केंद्रकोनाच्या चतुर्थांशाच्या स्पर्शक-गुणोत्तराइतके (टॅन) असते. अर्धवर्तुळाला १, पाव वर्तुळाला सुमारे ०.४१४.

ही कमान शेपफाइल या जीआयएसच्या रूढ फाइल-प्रकारात टिकत नाही, कारण शेपफाइलला फक्त सरळ रेषाखंड ठाऊक आहेत. १५ मी. त्रिज्येचे वर्तुळाकार उद्यान १०-१० अंशांच्या तुकड्यांत मोडले, तर कडेला सुमारे ६ सेंमी. चूक येते आणि ७०७ चौ.मी. क्षेत्रातून साडेतीन चौ.मी. गळतात. अंशांचा टप्पा लहान केल्यास ही चूक नगण्य होते. पण तो टप्पा कोणी पाहत नाही.

निर्देशक : खरी अडचण येथे आहे. उदाहरणार्थ, नाशिक सुमारे २०° उ. अक्षांश व ७३° ४७′ पू. रेखांशावर वसले असल्याने ते यूटीएम या मीटरांत मोजणाऱ्या जागतिक निर्देशक पद्धतीच्या ४३व्या पट्ट्यात येते (नागपूर ४४व्यात). या पट्ट्यात शहराचे पूर्व-निर्देशक ३.७३ लाख मी.च्या, तर उत्तर-निर्देशक २२.१२ लाख मी.च्या आसपास असतात. वास्तुविशारदाचे ड्रॉइंग मात्र बहुधा ०,० पासून सुरू होते आणि तेही मिलिमीटरमध्ये. असे ड्रॉइंग नकाशावर टाकले की ते आफ्रिकेच्या पश्चिमेला, समुद्रात किंवा त्याहूनही भलतीकडे जाऊन पडते. हा दोष चटकन दिसतो, म्हणून तो फारसा घातक नाही.

लहान चुका अधिक फसव्या असतात. मध्य रेखांश ७५° पासून नाशिक सुमारे सव्वा अंश पश्चिमेला असल्यामुळे यूटीएमचा मापगुणक येथे सुमारे ०.९९९८ येतो, म्हणजे जमिनीवरील १ किमी. नकाशात २० सेंमी.ने आखूड भरतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मी. उंच आहे, त्यामुळे आणखी ८-९ सेंमी. कमी होतात. टोटल स्टेशनने (कोन व अंतर मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाने) अचूक मोजलेली रस्त्याची लांबी आणि जीआयएसने काढलेली लांबी जुळत नाही ती यामुळे; मोजणीदाराचा त्यात दोष नसतो. शिवाय यूटीएमची उत्तर आणि खरी उत्तर यांत नाशिकला सुमारे २५ कलांचा फरक पडतो. ड्रॉइंग खऱ्या उत्तरेला धरून काढले असेल, तर एका किलोमीटरवर ते ७ मी. सरकते. ड्रॉइंग फुटांत असल्यास आंतरराष्ट्रीय फूट व अमेरिकी सर्वेक्षण फूट यांची गल्लतही होते. दोहोंत दहा लाखांत दोन एवढाच फरक आहे, पण २२ लाख मी.च्या उत्तर-निर्देशकावर तो साडेचार मीटरांच्या घरात जातो.

जुने भारतीय नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिरूपावर), तर २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणातील खुल्या मालिकेचे नकाशे जीपीएस वापरते त्या डब्ल्यूजीएस-८४ वर आहेत. डेटम (स्थान मोजण्याचा हा आधार) न बदलता एकाची रेषा दुसऱ्यावर ठेवल्यास ती शंभर मीटरांच्या आसपास हटते.

स्थान नसलेले ड्रॉइंग बसवण्यासाठी दोन्हीकडे ओळखू येणारे बिंदू घेतात. दोन बिंदूंवरून सरकवणे, फिरवणे व मापबदल ही तिन्ही कामे होतात. मात्र दोनच बिंदू घेतले तर चूक कधीच दिसत नाही, तपासासाठी तिसरा लागतो. भूमिअभिलेखाची टिपणे साखळी-आण्यांत असतात (३३ फुटांची शंकू साखळी, १६ आणे, तिचा चौरस म्हणजे गुंठा). त्यांत अक्षांश-रेखांश नसल्याने बांधावरचे दगड व तिठे शोधूनच ती बसवावी लागतात.

तक्ता व मजकूर : कॅडमध्ये शेजारच्या दोन भूखंडांची सामाईक हद्द कधी एकदाच काढलेली असते, कधी दोनदा. रेषा कोपऱ्यात दोन सेंमी. अलीकडे थांबली तरी कागदावर दिसत नाही, पण जीआयएसमध्ये त्या जागी क्षेत्र बनत नाही. कोपरे जुळवून क्षेत्रे बनवल्यावर आतला मजकूर ज्या क्षेत्रात पडतो त्याला तो क्रमांक द्यायचा, ही रूढ रीत आहे. आकडा हद्दीवर लिहिलेला असला, की तो शेजाऱ्याच्या नावावर जातो. उलट दिशेला, जीआयएसमधून कॅडकडे जाताना तक्ता बहुधा गळतो आणि त्यातली एखादीच बाब लेअरच्या नावात किंवा रंगात उरते.

मराठी मजकुराचे हाल वेगळेच. ऑटोकॅडच्या २००७च्या आवृत्तीपासून डीएक्सएफ युनिकोडमध्ये लिहिली जाते. त्याआधीची, जुन्या मराठी फाँटांत लिहिलेली नावे जीआयएसमध्ये निरर्थक रोमन अक्षरांसारखी उमटतात. शेपफाइलच्या तक्त्यात रकान्याच्या नावाला १० बाइटच मिळतात आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘गट’ बसते, काना धरून चार चिन्हांचे ‘मालक’ बसत नाही.

नाशिकमधील उपयोग : शहरात हा विनिमय विकास आराखडा, भाग नकाशा (त्या आराखड्याचा भूखंडापुरता उतारा), ले-आउट मंजुरी व मोजणीची ‘क’ प्रत (हद्दमोजणीचा नकाशा) यांच्याभोवती फिरतो. दिंडोरी रस्त्यावरील मेरी ही महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था (स्थापना १९५९) उपग्रह-प्रतिमांवरून जलाशयांतील गाळाचे सर्वेक्षण करते, तर धरणांची संकल्पचित्रे शहरातीलच मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना करते. प्रतिमा आणि ड्रॉइंग या दोन्ही परंपरा नाशिकमध्ये अशा शेजारी नांदतात.

सर्वांत वादाचा विषय पूररेषांचा. सप्टेंबर २००८च्या महापुरानंतर तो ऐरणीवर आला. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. गोदाकाठचा माणूस पूर नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतो, पण रेषा ठरते ती नदीच्या छेदांवरील पातळ्यांवरून. छेद कॅडमध्ये काढलेले असतात आणि रेषा विकास आराखड्यावर उतरवायची असते. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध आणि निळ्या-लाल रेषांमध्ये ते अटींवर, असा नियम असल्याने वर सांगितलेले उत्तर दिशेच्या फरकाचे सात मीटर एखाद्या भूखंडाचे भवितव्य फिरवू शकतात. गोदावरीखेरीज नासर्डी, वाघाडी व वालदेवी यांच्या काठांनाही हेच लागू पडते. २०२६-२७च्या सिंहस्थासाठी तपोवनातील साधुग्रामाची (साधूंच्या तात्पुरत्या वसाहतीची) आखणी हे याच प्रकारचे काम : तात्पुरते भूखंड, रस्ते व जलवाहिन्या कॅडमध्ये, जमिनीची मालकी जीआयएसमध्ये.

नवी माध्यमे : लँडएक्सएमएल हा फाइल-प्रकार रस्ते व भूपृष्ठांच्या प्रतिरूपांसाठी, तर आयएफसी हा इमारतींसाठी वापरतात. जिओपॅकेज (२०१४) या एकाच फाइलमध्ये अनेक लेअर व त्यांचे तक्ते मावतात आणि शेपफाइलची १० बाइटांची अडचण तिला नाही. क्यूजीआयएस या मुक्त जीआयएस प्रणालीची ३.० आवृत्ती (२०१८) डीडब्ल्यूजी व डीएक्सएफ ड्रॉइंग थेट जिओपॅकेजमध्ये उतरवून घेते. निर्देशक प्रणाली मात्र वापरणाऱ्यालाच निवडावी लागते.