शाश्वत विकास, सामाजिक शास्त्रे आणि नाशिकचे पाणी

ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या 1987 मधील अहवालाने शाश्वत विकासाची संकल्पना जगभर रुजवली. पुढच्या पिढ्यांना आपल्या गरजा भागवता येतील अशा बेताने आजच्या गरजा भागवणे, ही त्यातील व्याख्या 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या 17 उद्दिष्टांच्याही मुळाशी आहे. मात्र गरज कोणाची मानायची, ती ठरवणार कोण आणि टंचाईच्या वर्षी हात आखडता कोणी घ्यायचा, हे प्रश्न व्याख्येने मोकळेच ठेवले. ते सामाजिक शास्त्रांचे प्रश्न आहेत, आणि नाशिक जिल्ह्यातील पाण्याचा इतिहास समोर ठेवला की त्या शास्त्रांतील सिद्धान्त कोठवर पोचतात हे बरेच स्पष्ट होते.

मोसम, आरम आणि शेजारच्या धुळे जिल्ह्यातील पांझरा या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धत चालत आली आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे केलेले तीन-चार फड म्हणजे मोठे भाग, अशी तिची रचना असते. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, कोणत्या फडात उसासारखे बारमाही पीक घ्यायचे आणि कोणता फड हंगामी ठेवायचा हे सर्वांनी मिळून ठरवायचे आणि पाणी कमी असेल त्या वर्षी भिजणारे क्षेत्रच कमी करायचे, असा रिवाज. शेताला पाणी द्यायचे ते पाटकऱ्याने. शेतकऱ्याने स्वतः पाट फोडायचा नाही. पाटातील गाळ काढण्यासाठी प्रत्येकाने माणूस द्यायचा.

अशी व्यवस्था टिकू शकते हे अभ्यासकांनी फार उशिरा मान्य केले. गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये मांडले की सामाईक कुरणावर प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवत जातो आणि अखेर कुरणच संपते. म्हणून ते एक तर खासगी मालकीचे करावे किंवा सरकारने ताब्यात घ्यावे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्पेन, फिलिपिन्स अशा ठिकाणच्या सिंचन व्यवस्थांचे दाखले देऊन 1990 मध्ये तिसरा मार्ग दाखवला. हद्द निश्चित असेल, नियम वापरणाऱ्यांनीच केले असतील, देखरेख करणारा त्यांना जबाबदार असेल आणि दंड गुन्ह्याच्या प्रमाणात वाढत जाणारा असेल, तर सामाईक साधन पिढ्यानपिढ्या टिकते, हे त्यांच्या मांडणीचे सार. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपले म्हणणे व्यवस्थापन नसलेल्या सामाईक साधनांपुरतेच खरे आहे, हे हार्डिन यांनीही पुढे मान्य केले होते.

महाराष्ट्रात या अभ्यासाची सुरुवात त्याही आधीची आहे. निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर येथून निघणारे गोदावरी कालवे, तसेच प्रवरा नदीवरचे कालवे, यांचे आर्थिक परिणाम धनंजयराव गाडगीळ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे तपासले व 1948 मध्ये अहवाल दिला. कालव्याचा हिशेब केवळ पाणीपट्टीच्या वसुलीवर न करता परिसराच्या एकूण अर्थव्यवस्थेवर करावा, हा त्यामागचा विचार आजही मोलाचा वाटतो.

दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्यावर ओझर हे टेलचे, म्हणजे शेवटच्या टोकाचे गाव, त्यामुळे तेथवर पाणी पोचत नसे. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने 1990 च्या सुमारास तेथे पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. आवर्तनाचे, म्हणजे कालव्याला ठरावीक काळाने सुटणारे पाणी संस्थेने घनमापाने मोजून घ्यायचे, वाटप आणि वसुली स्वतः करायची आणि पीक कोणते घ्यायचे हे सभासदाने ठरवायचे, अशी पद्धत पडली. पुढे संपूर्ण लाभक्षेत्रावर अशा संस्था झाल्या, त्यांची प्रकल्पस्तरीय संस्थाही झाली आणि 2005 मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतींच्या व्यवस्थापनाचा कायदा आला. लहान संस्था मोठ्या संस्थेत गुंफलेल्या असाव्यात, हा ऑस्ट्रॉम यांचा मुद्दा येथे प्रत्यक्ष दिसतो.

तरीही हा सिद्धान्त पुरेसा नाही, असे मला वाटते. नियम करणाऱ्यांत कोण बसते, हे तो फारसे विचारत नाही. भारत व नेपाळमधील वनसमित्यांचा अभ्यास करून बीना अगरवाल यांनी 2001 मध्ये दाखवले, की सहभागाच्या नावाने चालणाऱ्या संस्थांतूनही स्त्रिया बाहेर राहतात. पाणीवापर संस्थेचे सभासदत्व जमिनीशी जोडलेले असल्यामुळे सातबाऱ्यावर नाव नसलेली शेतकरी स्त्री आणि भूमिहीन मजूर या दोघांनाही येथे मत उरत नाही. विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात उभारलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क एकरांऐवजी कुटुंबातील माणसांवर मोजला आणि भूमिहीनांनाही दिला. न्यायाच्या दृष्टीने तो विचार अधिक पुढचा होता, पण कायद्याने तो उचलला नाही.

दुसरी मर्यादा व्याप्तीची आहे. एका बंधाऱ्याखालचे शेतकरी एकमेकांना ओळखतात. गोदावरी खोऱ्यात तसे नसते. मराठवाड्यात पैठणजवळ असलेल्या जायकवाडी धरणाचा साठा 15 ऑक्टोबरला 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडावे, असे सूत्र महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशाने लागू झाले आणि 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. गंगापूर आणि दारणा धरणांचे दरवाजे उघडण्याची वेळ आली की नाशिकमध्ये द्राक्षबागांची चिंता पुढे येते, तर मराठवाड्यात पिण्याच्या पाण्याची. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. आजवर त्यांचा निवाडा मुख्यतः आदेश आणि न्यायालय यांच्याच मार्गाने झाला; ओझरच्या सभासदाला आवर्तनाच्या बैठकीत जसे बोलता येते, तसे पैठणच्या आणि निफाडच्या शेतकऱ्याला एकत्र बसून बोलता येईल अशी खोऱ्याची संस्था उभारणे बाकी आहे.