‘दुसऱ्या’ची दुसरी प्रत

लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट (फाइलींमधले बदल नोंदवून ठेवणारी प्रणाली) लिहायला घेतलं ते लिनक्सच्या कर्नलसाठी, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यासाठी. गंमत अशी, की तोच कर्नल आज विंडोजवर किंवा मॅकवर क्लोन केला, म्हणजे त्याची पूर्ण प्रत उतरवून घेतली, तर कशालाही हात लावण्याआधीच गिट सांगतं, ‘काही फाइली बदलल्या आहेत.’

कर्नलच्या नेटफिल्टर या, नेटवर्कवरची ये-जा गाळणाऱ्या विभागात फाइलींच्या काही जोड्या आहेत. नावं तीच, पण एकीत कॅपिटल अक्षरं आणि दुसरीत स्मॉल. लिनक्सच्या लेखी त्या वेगळ्या फाइली. विंडोज आणि मॅक मात्र, सेटिंग बदललं नसेल तर, दोन्ही नावं एकच मानतात. मग जोडीतली एकच फाइल डिस्कवर उरते.

गिटचा यात फारसा दोष नाही. त्याच्यासाठी नाव म्हणजे नुसती बाइट्सची रांग. एक बाइट बदलला की नाव वेगळं. नाव कधी ‘सारखं’ मानायचं हे फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली साठवणाऱ्या व्यवस्था, आपापलं ठरवतात. डिसेंबर २०१४ मध्ये हाच फरक सुरक्षेवर बेतला. गिट स्वतःची सेटिंग्ज ‘डॉट गिट’ फोल्डरमध्ये ठेवतं. तेच नाव कॅपिटलमध्ये लिहून रेपॉझिटरीत (गिटने सांभाळलेल्या फाइलींच्या साठ्यात) पेरलं, की विंडोज-मॅकवर खरी सेटिंग्ज पुसली जात आणि हल्लेखोराला हव्या त्या कमांड चालवता येत. मर्क्युरियल या गिटसारख्याच प्रणालीलाही तेव्हा दुरुस्ती करावी लागली.

ओळीच्या शेवटी विंडोज दोन चिन्हं टाकतं आणि लिनक्स एक, हा जुना तंटा सेटिंगने मिटतो. मराठी माणसाला नडणारी गोष्ट निराळीच आहे.

फाइलीचं नाव ‘दुसऱ्या’ ठेवून पाहा. यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये (जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत) दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब) असा फोडून. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ते क्रमांक बाइट्समध्ये लिहिण्याच्या पद्धतीत, पहिला तीन बाइट्सचा, दुसरा सहा. पडद्यावर फरक शून्य. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम असं अक्षर फोडूनच साठवत असे. त्यामुळे लिनक्सवरून आलेली ‘दुसऱ्या’ गिटला तिथे अनोळखी वाटे. कुणी ती बिनधास्त कमिट केली, म्हणजे गिटमध्ये नोंदवली, की लिनक्सवर एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी! २०१२ मध्ये गिटने मॅकवर अशी फोडलेली अक्षरं परत जोडून घेण्याची सोय केली. २०१७ मध्ये आलेली मॅकची नवी फाइल सिस्टीम एपीएफएस नाव टाइप केलं तसंच जपते, आणि दोन्ही रूपं एकच मानते. लिनक्सची ईएक्सटी-४ मात्र, सेटिंग बदललं नसेल तर, अजून बाइट्सच मोजते.