पट्टीच्या शस्त्रक्रियेनंतरची उन्हाळी आणि क्रॅनबेरी

खोकलं, शिंकलं की लघवी निसटते. बायका हा त्रास वर्षानुवर्षं अंगावर काढतात. १९९६ साली स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी मूत्रमार्गाखाली जाळीची बारीक पट्टी बसवायची पद्धत मांडली आणि इलाज पुष्कळ सुटसुटीत झाला. पण ऑपरेशन झालं, लघवी निसटायची थांबली आणि पंधरा दिवसांत लघवीला जळजळ, म्हणजे उन्हाळी, सुरू, असंही बऱ्याच जणींच्या बाबतीत होतं. ऑपरेशनच्या वेळी लघवीसाठी घातलेल्या कॅथेटरच्या नळीवाटे जंतू आत शिरतात. त्यात काही जणींचं मूत्राशय काही दिवस नीट रिकामं होत नाही, मग तुंबलेल्या लघवीत त्यांचं फावतं.

हे जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातले, ई. कोलाय. त्यांच्या अंगावर केसांसारखे बारीक धागे असतात आणि त्यांनी ते मूत्राशयाच्या अस्तराला चिकटून राहतात. चिकटता आलं नाही तर लघवीच्या धारेबरोबर बाहेर पडतात. क्रॅनबेरी या आंबट-तुरट लाल परदेशी फळाचं काम इथे आहे. आधी समज होता की ती लघवी आम्लधर्मी करते. १९८४ मध्ये ओहायोतल्या अँथनी सोबोटा यांनी दाखवलं की तिचा रस जंतूंना चिकटूच देत नाही. फळाला तुरटपणा देणारी द्रव्यं हे करतात.

ऑपरेशननंतर तिचा उपयोग होतो का, हे मिशिगन विद्यापीठात तपासलं गेलं. २०१५ साली निकाल आला. स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियेत कॅथेटर घातलेल्या १६० जणी, सहा आठवडे कॅप्सूल. क्रॅनबेरी घेणाऱ्या ८० पैकी १५ जणींना संसर्गावर उपचार घ्यावे लागले. दिसायला तशीच पण बिनऔषधी कॅप्सूल घेणाऱ्या ८० पैकी ३० जणींना. म्हणजे थेट निम्मं. मला हा निकाल आवडतो, पण एकाच ठिकाणच्या १६० जणींवर फार मोठी इमारत उभी करू नये. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था; ५० अभ्यास एकत्र पाहणाऱ्या तिच्या २०२३ च्या आढाव्यात वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांना फायदा दिसला. मूत्राशय नीट रिकामं न होणाऱ्यांना मात्र दिसला नाही. पट्टी बसवल्यावर काही जणींची अडचण नेमकी तीच असते.

करवंदाला ‘भारतीय क्रॅनबेरी’ म्हणून खपवतात, त्यावर जाऊ नका. करवंद कण्हेरीच्या कुळातलं. एकाचा पुरावा दुसऱ्याला लागू होत नाही.

गोखरू, पुनर्नवा या आयुर्वेदिक वनस्पतींची या शस्त्रक्रियेनंतर अशी चाचणी माझ्या पाहण्यात नाही. धने-जिऱ्याचं पाणी, जवाचं पाणी यांत मला धन्यापेक्षा पाण्याचा भरवसा जास्त वाटतो. २०१८ च्या एका अभ्यासात, वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि मुळात कमी पाणी पिणाऱ्या १४० जणींपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, उरलेल्यांना ३.२ वेळा. ऑपरेशननंतर मात्र किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच; लघवी अडत असेल तर तांब्याभर पाणी पिऊन उलट तुंबेल.

रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर क्रॅनबेरीचं डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि थंडी वाजून ताप आला, कंबरेच्या वर पाठ दुखू लागली किंवा लघवीच होईना, तर काढे-कॅप्सूल बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.