कलणं आणि कलंडणं

तारकर्लीला किंवा गोव्यात भाड्याने मिळणारी कयाक आठवून बघा. जाड प्लास्टिकची, पिवळीधमक नाहीतर नारिंगी, आत शिरायचं नाही तर वर बसायचं अशी, पाऊण मीटरच्या आसपास रुंद. माणूस भीत भीत बसतो, जरा डावीकडे-उजवीकडे झुकून बघतो. होडी ढिम्म. "एकदम सेफ आहे," तो जाहीर करतो. याच माणसाला समुद्रात लांबचे पल्ले मारायच्या, ५५ सेंटिमीटर रुंदीच्या कयाकमध्ये बसवलं, तर ती पहिल्या क्षणापासून त्याच्या बुडाखाली वळवळायला लागते. "ही बुडवणार!" दोन्ही निकाल त्याने काठाजवळच्या शांत पाण्यात, अर्ध्या मिनिटात दिलेले असतात.

मराठीत कलणं वेगळं आणि कलंडणं वेगळं. हंडा कलला तर थोडं पाणी सांडतं, कलंडला तर सगळंच जातं. कयाकवाल्यांच्या दोन संज्ञा या दोन क्रियापदांभोवतीच फिरतात. 'प्रायमरी' किंवा 'इनिशियल' स्टॅबिलिटी म्हणजे होडी कलायला किती कुरकुरते. 'सेकंडरी' म्हणजे भरपूर कलल्यावरही ती कलंडायला किती नकार देते. पहिली बसल्याबरोबर कळते. दुसरी समजायला होडी मुद्दाम कलवावी लागते, आणि नवखा माणूस नेमकं तेच टाळत असतो.

यामागचं गणित होड्यांच्या मानाने तसं अलीकडचं. फ्रान्सचा प्येर बुगेर पृथ्वीचा आकार मोजायला निघालेल्या मोहिमेबरोबर दक्षिण अमेरिकेत, आजच्या इक्वेडोरच्या डोंगरांत, काही वर्षं अडकून होता. समुद्रापासून इतक्या उंचावर बसून हा गृहस्थ जहाजांबद्दल लिहीत होता. त्याचा ग्रंथ १७४६ साली छापला गेला आणि 'मेटासेंटर' हा शब्द त्यातूनच आला.

कल्पना सोपी आहे. वजन गुरुत्वमध्यातून खाली खेचतं आणि पाण्याचं प्लावक बल होडीच्या बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर ढकलतं. होडी उजवीकडे कलली की उजवी बाजू जास्त बुडते, म्हणून वर ढकलणाऱ्या बलाचा मध्यही उजवीकडे सरकतो. तो गुरुत्वमध्याच्या रेषेपलीकडे गेला तर होडी सावरते, अलीकडेच राहिला तर तेच पाणी तिला पालथी घालायला मदत करतं. थोडं कलल्यावर या वर ढकलणाऱ्या बलाची उभी रेषा होडीच्या मधल्या रेषेला जिथे छेदते, तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. गुरुत्वमध्य त्याच्या खाली असला की कललेली होडी आपसूक सावरते.

कयाकची अडचण अशी की इथे वजन म्हणजे मुख्यतः आपणच. होडी वीसेक किलोची, माणूस सत्तरचा. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास असतो, म्हणून त्याच्या आणि मेटासेंटरच्या मध्ये काही सेंटिमीटरच उरतात. बसायला जाड उशी घेतली की आरामाबरोबर डुगडुगही वाढते, ती यामुळे.

उलट रुंदी केवढं काम करते बघा. लांबी आणि एकूण वजन तेच ठेवून पाण्याच्या रेषेवरची रुंदी ६० वरून ७५ सेंटिमीटर केली, म्हणजे सव्वापट, तर मेटासेंटरला वर उचलणारा रुंदीचा वाटा जवळजवळ दुप्पट होतो, कारण हिशेबात रुंदीचा घन येतो. भाड्याच्या कयाकचा ढिम्मपणा तिथला आहे. आपल्या कोकणातली उलांडी हेच काम फार काटकसरीने करते. अख्खी होडी रुंद करायची नाही. एका अंगाला आडव्या दांड्यांनी एक ओंडका बांधायचा. त्या बाजूला होडी कलली तर ओंडका पाण्यात दबून वर ढकलतो, दुसऱ्या बाजूला कलली तर ओंडक्याचं वजन मागे खेचतं.

मग सगळ्या कयाक रुंदच का नसतात? वेग हे एक कारण झालंच, पण मला दुसरं जास्त मोलाचं वाटतं, आणि ते म्हणजे लाट. होडी सरळ राहते ती पाण्याच्या पृष्ठभागाशी, आकाशाशी नव्हे. शांत तळ्यात दोन्हींत फरक नसतो. आडवी लाट आली की पाणीच तिरकं होतं, आणि सपाट बुडाची रुंद होडी इमानदारीने त्या उताराला चिकटते. पाणी वीस अंश तिरकं, तर तीही वीस अंश. तळ्यात तिला सरळ ठेवणारा जोरच इथे तिला तिरकं करतो. गोल बुडाची अरुंद कयाक या उताराला इतकी बांधलेली नसते. लाट खालून निघून जाते आणि कंबर सैल सोडलेला माणूस वर ताठ राहतो. डुगडुगतेय म्हणून ज्याने तिला नाकारलं, त्याने खुल्या समुद्रातला तिचा मोठा गुणच नाकारला.

यासाठी कंबर सैल हवी, नवखा मात्र ती घट्ट आवळतो. कमरेखालचं अंग होडीचं, वरचं आपलं, असं म्हणायला सोपं आहे.

सेकंडरी स्टॅबिलिटी नावाची वेगळी काही चीज नसतेच, असंही काही जाणकार म्हणतात, आणि आलेख पाहिला तर त्यांचं चूक नाही. कलण्याचा कोन आडवा आणि सावरणारा जोर उभा मांडला की एकच वक्ररेषा मिळते. सुरुवातीचा तिचा चढ म्हणजे प्रायमरी. पुढे ती किती उंच जाते आणि किती कोनाला शून्यावर येते, ती सेकंडरी. बाजू वरच्या अंगाला बाहेर फाकलेल्या असतील तर कलल्यावर जास्त रुंदी पाण्यात उतरते आणि हा चढ लांबतो. पण या आलेखात माणूस होडीला बांधलेल्या तांदळाच्या पोत्यासारखा धरलेला असतो. खरा माणूस कमरेत वाकतो, वल्ह्याचं पातं पाण्यावर टेकवून आधार घेतो. म्हणून एकाच होडीला एक जण 'ट्विची', म्हणजे जराशाने बिचकणारी, म्हणतो आणि दुसरा चपळ. दोघांचंही खरं असतं.

शर्यतीच्या कयाकनी तर नियमालाच वळसा घातला होता. एकट्याने वल्हवायच्या ऑलिंपिक कयाकची लांबी जास्तीत जास्त ५.२० मीटर आणि वजन किमान १२ किलो. पूर्वी रुंदीही किमान ५१ सेंटिमीटर लागायची. होडी बांधणाऱ्यांनी ती भरून काढली पाण्याच्या वर! पाण्यातलं अंग निमुळतं ठेवून वरच्या बाजूला पंखांसारखे कोपरे काढले. मोजपट्टी खूश, पाणी अनभिज्ञ. सिडनीच्या २००० सालच्या ऑलिंपिकनंतर ही अट गेली आणि ते पंखही गेले.

ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांनी मात्र अरुंद होडीची किंमत आधीच मान्य केली होती. लाकडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं, रुंदी अर्ध्या मीटरच्या आसपास, आणि मापं शिकाऱ्याच्या स्वतःच्या अंगावरून घेतलेली. जणू शिंप्याकडे कपडा टाकावा तशी. होडी कधीतरी उलटणारच, हे गृहीत. म्हणून ते कातडी अंगरखा होडीच्या तोंडाला पाणी शिरू नये असा बांधत आणि पाण्याखालून पुन्हा वर यायच्या अनेक तऱ्हा शिकत. जिनो वॉटकिन्स या इंग्रज तरुणाने १९३०-३१ च्या मोहिमेत हे उलटून वर येणं त्यांच्याकडून शिकून घेतलं. १९३२ च्या ऑगस्टमध्ये तो ग्रीनलंडमध्ये एकटाच सीलच्या शिकारीला गेला. रिकामी कयाक सापडली, तो नाही. वय २५.

वर येताना त्या होडीचा चंचलपणाच कामी येतो. कमरेच्या एका हिसक्याने ती फिरते, कारण कुठल्याच बाजूला बसून राहायची तिला ओढ नसते. भाड्याची पिवळी कयाक एकदा पालथी पडू द्या. रुंदी तीच, पाणी तेच, आणि आता वर बसून तिला खाली दाबणारं माणसाचं वजनही नाही. पालथ्या अवस्थेत ती पूर्वीपेक्षाही ढिम्म असते. पोटावर चढून, पलीकडची कड दोन्ही हातांनी धरून, सगळं वजन मागे टाकून ओढावं तेव्हा कुठे बाई सरळ होतात.